दिवाळीचा बंद: रजा कापणारी कंपनी बरी की रविवार भरून घेणारी?

माझ्या मावसभावाला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक जळगाव एमआयडीसीत, दुसरं चाकणला. पगार उन्नीस-बीस. दोन्ही कारखाने दिवाळीत आठ दिवस बंद असतात. जळगावची कंपनी त्या दिवसांची पीएल (भरपगारी रजा) कापते. चाकणची पीएलला हात लावत नाही, पण आधीच्या महिन्यांत चार रविवार कामावर बोलावते. ‘दादा, कुठं जाऊ?’ असं त्यानं विचारलं. मी बरीच वर्षं टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी-रजेचा हिशेब ठेवणाऱ्या खात्यात, काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रजा किती मिळते ते बघू. 20 दिवसांच्या कामामागे 1 भरपगारी रजा, हा हिशेब 1948च्या कारखाने कायद्यापासून चालत आलाय. त्या कायद्यानुसार वर्षात 240 दिवस भरावे लागत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही अट 180 दिवसांवर आली. वर्षात 300 दिवस भरले तर 15 रजा.

जळगावचा हिशेब असा. बंद सोमवार ते पुढचा सोमवार. रजेच्या मध्ये किंवा कडेला आलेली सुट्टी रजेत धरायची नाही, असं कायदा सांगतो. म्हणजे रविवार वगळा. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत असतील तर तेही वगळा. 8 मधून 4 गेले, रजा कापायची ती 4 दिवसांची. पे-स्लिपवर 7 किंवा 8 कापलेल्या दिसल्या तर त्याच आठवड्यात टाइम ऑफिस गाठायचं. माझ्यासमोर अशा स्लिपा आल्या आहेत, आणि निम्म्या लोकांनी त्या घडी घालून खिशात ठेवलेल्या असायच्या. हातात 11 रजा उरल्या तर वर्ष निभतं.

चाकणचं वरवर गोड वाटतं: 15च्या 15 शिल्लक. पण चार रविवार कोणते, हे कोण ठरवणार? आपल्याकडे खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी तिचं विसर्जन होतं. रोटांचं दळण, रात्रीचा जागर, सगळं घर एकत्र. नेमका तोच रविवार कंपनीनं भरून घेतला तर चाकणहून पोरगा येणार कसा? रजा खात्यात पडून राहते आणि घरी आई वाट बघत बसते. दुसरं, सहा दिवस आठ-आठ तास केले की 48 तास होतात. त्यावरच्या कामाला दुप्पट दराचा ओव्हरटाइम लागतो. रविवार ‘बदली’ म्हणून भरून घेतात तेव्हा हे पैसे कुणी मागत नाही. म्हणून तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच नोटीस बोर्डावर लागतात का आणि युनियनशी तसा लेखी करार आहे का, हे विचारायलाच हवं.

नव्या माणसाचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. मी पहिल्या नोकरीत ऑगस्टला लागलो. दिवाळीत खात्यात रजाच नव्हती. मस्टरवर माझ्या नावापुढं चार चौकटींत लाल शाईनं ‘बि.प.’ लिहिलेलं, म्हणजे बिनपगारी. बंद कंपनीनं ठेवला होता, मी दांडी मारली नव्हती, तरी चार दिवसांचा पगार गेला. भाऊबीजेला बहिणीच्या ताटात काय घालावं, हा प्रश्न मला तेव्हा फार लागला होता. काही कंपन्या अशा वेळी पुढच्या वर्षाची रजा उचल म्हणून देतात. नोकरी सोडली तर ती शेवटच्या हिशेबात वळती होते. रोज 600 पडत असतील तर 4 दिवसांचे 2400 रुपये, पहिल्या दिवाळीला ही रक्कम लहान नाही. ठेकेदाराकडून लागणार असाल तर बंदाचे पैसे मिळतील हे धरूनच चालू नका.

दुकान किंवा ऑफिसातली नोकरी असेल तर 2017चा राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा बघा. त्यात 8 किरकोळ रजा वेगळ्या आहेत, भरपगारी रजा 45 पर्यंत साठते, आणि 8 भरपगारी सुट्ट्यांपैकी 4 मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या असतात. त्या चारांत आखाजी (अक्षय्य तृतीया) मागून घ्या.

मावसभावाच्या घरी पाच एकर कापूस आहे. दिवाळीच्या सुमाराला वेचणी जोरात असते, मजूर मिळत नाहीत. तो त्या आठ दिवसांत घरीच असणार, म्हणून कापलेल्या चार रजा त्याच्या कामीच येतात. आखाजीला बहीण माहेरी येते, कानबाई आहेच. अकरा रजा आणि सगळे रविवार हातात असलेलं जळगाव त्याच्यासाठी बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. घर पुण्यातच असतं आणि शेती नसती तर मी त्याला चाकण सांगितलं असतं.

सोमवारी तो जळगावच्या ऑफिसात जाणार आहे. मी त्याला कागदावर दोन प्रश्न लिहून दिलेत: दिवाळीच्या तीन सुट्ट्या यादीत आहेत का, आणि पहिल्या वर्षी रजेची उचल मिळते का. उत्तर लेखी घेऊन ये म्हटलंय.