अप्पांचे वीस शब्द

माझे वडील, अप्पा, बेळगावच्या वडगावात तीस वर्षं मागावर विणकाम करायचे. निम्मे कान तिथल्या खटखटाटात गेले, उरलेले वयानं नेले. भाजीवालीनं ‘साठ’ म्हटलं की अप्पांना ‘आठ’ ऐकू यायचं, आणि ते दहाची नोट पुढं करायचे. बाजारात भांडणं व्हायला लागली.

शहापुरातल्या एका मंगल कार्यालयात मोफत कानतपासणीचं शिबिर लागलं. पांढरा कोट घातलेला माणूस निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलत होता. म्हणाला, “काका, कान नाही गेला, मेंदू झोपलाय. त्याला जागं करू.” हेडफोन लावून वीस शब्द ऐकवले, अप्पांनी सात ओळखले. पंधरा मिनिटांचं ‘सेशन’ झालं, पुन्हा चाचणी, चौदा! आम्ही टाळ्या वाजवल्या.

सरावाचं ॲप घातलेला टॅबलेट, हेडफोन आणि कानात घालायचं तेल, सगळं मिळून २८,५०० रुपये, रोख. वर ताकीद, की कानाचं मशीन लावू नका, मेंदू आळशी होतो. पावतीवर बारीक अक्षरात ‘वेलनेस सेवा, परतावा नाही’. मी पतसंस्थेत दिवसभर लोकांचे कर्जाचे कागद तपासतो. ती पावती मात्र न वाचता घडी करून खिशात घातली.

अप्पा इमानदारीनं रोज अर्धा तास हेडफोन लावून टॅबलेटसमोर बसायचे. सतरा, अठरा, मग वीसपैकी वीस. आणि आई स्वयंपाकघरातून तीनदा हाका मारून थकायची. हे कोडं मला चार महिने सुटलं नाही. एका संध्याकाळी हेडफोनची वायर निघाली होती, त्यामुळं आवाज खोलीभर येत होता. टॅबलेट गप्प असतानाच अप्पा म्हणाले, “चाकू.” त्यानंतर टॅबलेट म्हणाला, “चाकू.”

रोज तेच वीस शब्द, त्याच क्रमानं. अप्पांना यादी पाठ झाली होती, पाढ्यासारखी. शिबिरातल्या दुसऱ्या चाचणीलाही तीच यादी होती. शिवाय मधल्या वेळेत त्या माणसानं लॅपटॉपचा आवाज चढवला, ते माझ्या मुलीनं काढलेल्या व्हिडिओत स्वच्छ दिसतं.

मग खऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो. भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवरच होता (हा आधी विचारावा, एवढी अक्कल २८,५०० ला आली). आवाजबंद खोलीत तपासणी झाली. आलेखाची रेघ जाड आवाजांना बरी होती, चिमणीच्या चिवचिवीसारख्या बारीक आवाजांकडे जाताना जिन्यावरून घसरल्यासारखी खाली. स, श, फ त्याच घसरणीत गेलेले. बाईंनी सांगितलं, प्रत्येक कानात जन्मतः आवाज टिपणाऱ्या साधारण १५,००० केसपेशी असतात. माणसात त्या मेल्या की परत उगवत नाहीत, ना तेलानं, ना ॲपनं.

फसवणुकीत खरी गोम ही, की त्या माणसाचं अर्धं बोलणं खरं होतं. म्हातारपणीही मेंदू बदलतो, ऐकण्याचा सराव असतो, ऑडिओलॉजिस्टही तो करून घेतात. पण ज्याचा सराव करावा त्यातच बहुतेक सुधारणा दिसते, रोजच्या बोलण्यात ती थोडीच उतरते. आणि सराव मशीनच्या जोडीनं करायचा, मशीनऐवजी नाही. मेंदूपर्यंत आवाजच पोचत नसेल तर तो शिकणार कशावर? ‘मशीन लावू नका’ हे तर साफ उलटं. पैशांपेक्षा मला ते वाया गेलेले चार महिने जास्त बोचतात.

शिबिरवाल्याचा फोन आता लागत नाही. मंगल कार्यालयवाले म्हणतात, हॉलचं भाडं रोख मिळालं, नावगाव कोण लिहून घेतो? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पावती, व्हिडिओ आणि टॅबलेट जपून ठेवलाय.

अप्पांना मशीन लागून दोन महिने झाले. पहिले काही दिवस भांड्यांच्या आवाजानं वैतागून काढून ठेवायचे. आता रात्री पंखा चालू ठेवून माझी मुलगी त्यांना पेपर वाचून दाखवते, ते ऐकलेलं वाक्य परत म्हणतात. परवा तिनं मुद्दाम ती जुनी यादी उलटी वाचली. अप्पांना बारा आले. “हे बारा माझे,” म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितलं. आईनं आतून काहीतरी उत्तर दिलं, ते मात्र त्यांनी ऐकलं नाही, की ऐकायचंच नव्हतं, कोण जाणे.