पाटी नसलेल्या दुकानातली बंगाली फळी

कोल्हापुरात बिंदू चौकाजवळच्या एका बोळात हे जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. पाटी नाही. बाहेर सुतळीनं बांधलेले मासिकांचे गठ्ठे दिसले की तेच समजायचं. मालकांना सगळे काका म्हणतात. पुस्तकं विकत मिळतात आणि वाचायलाही नेता येतात. अनामत तीनशे रुपये आणि पुस्तकाला आठवड्याला दहा रुपये. मी दोन वर्षं जातेय. माझ्यासारख्या आणखी बायकांना हे दुकान कळावं म्हणून लिहिते.

राजारामपुरीत माझी खानावळ आहे. दुपारची भांडी उरकली की रात्रीचा मसाला वाटायच्या आधी दीड तास माझा असतो. पहिल्यांदा गेले ती शरदबाबूंसाठी, म्हणजे कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्यायांसाठी. आईच्या तोंडी सारखं त्यांचं नाव असायचं. मामा वरेरकरांनी केलेले मराठी अनुवाद तिनं इतक्यांदा वाचले होते की शरदबाबू बंगालचे आहेत हे तिला किती तरी वर्षं माहीत नव्हतं. काकांना तसं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?" खानावळ म्हटल्यावर ते स्टुलावर चढले, वरच्या फळीवरून एक हिंदी पुस्तक काढलं आणि म्हणाले, "शरदबाबू कुठं जात नाहीत. आधी हे न्या."

ते होतं बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांचं 'आदर्श हिंदू हॉटेल'. मूळ बंगाली १९४०चं. 'पथेर पांचाली' लिहिणारे तेच हे, एवढं मला माहीत होतं. त्यांनी आमच्या धंद्यावर अख्खी कादंबरी लिहिलीय हे नव्हतं. राणाघाट स्टेशनाजवळ बेचू चक्रवर्तीचं हॉटेल आहे आणि हजारी ठाकूर तिथला आचारी. मटण करावं तर त्यानंच. गाडी आली की शेजारशेजारच्या दोन हॉटेलांची माणसं गिऱ्हाईक ओढायला धावतात. हॉटेलात पद्म नावाची मोलकरीण आहे, पण हुकूम मालकिणीसारखा चालवते आणि हजारीला उठताबसता टोचून बोलते. दुपारी काम आटपलं की हजारी चूर्णी नदीच्या काठी जाऊन बसतो आणि स्वतःच्या हॉटेलाचा विचार करतो. अगदी माझ्या त्या दीड तासाचीच वेळ. त्या पानावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले.

पुढं हॉटेलातली भांडी चोरीला जातात आणि आळ हजारीवर येतो. नोकरी जाते. पण त्याच्या हातावर विश्वास असलेल्या बायका असतात. गवळ्याच्या घरातली कुसुम, गावातल्या बड्या घरची लेक अतसी, अशा बायका आपल्याजवळचे पैसे त्याच्या हातात ठेवतात आणि त्यावर त्याचं हॉटेल उभं राहतं. माझी खानावळ सुरू झाली तेव्हा बँकेच्या आधी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी पुस्तक परत करायच्या आधी त्यांना तो भाग वाचून दाखवला, हिंदीचं मराठी करत करत. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त पुढं काय झालं ते विचारलं.

पुढं बेचूचं हॉटेल बुडतं, आणि हजारी त्या बेचूला आणि पद्मलाही आपल्याकडं कामाला ठेवतो. काहींना हे फार गोड वाटेल. मला नाही वाटलं. स्वयंपाकघरात आयुष्य काढलेला माणूस भुकेल्याला दारातून परत पाठवत नाही, हे मी जवळून बघितलंय.

त्यानंतर काकांनी मला ताराशंकर बंद्योपाध्यायांचं 'आरोग्य निकेतन' दिलं. नाडी धरून मरण ओळखणारे जुने वैद्य जीवन मोशाय आणि नव्या शिक्षणाचा तरुण डॉक्टर, असा तो मामला. सुरुवात जड जाते, शंभर पानं धीर धरावा लागतो. बंकिमचंद्रांचं 'आनंदमठ' मी अर्ध्यात सोडलं, मन लागलं नाही.

पण आशापूर्णा देवींचं 'प्रथम प्रतिश्रुति' मात्र मी रात्री गिऱ्हाईक गेल्यावर, पाय दुखत असताना वाचलंय. या बाई कधी शाळेत गेल्या नाहीत. १९७६चं ज्ञानपीठ त्यांना या कादंबरीसाठी मिळालं, आपल्या कोल्हापूरच्या खांडेकरांना मिळालं त्यानंतर दोनच वर्षांनी. आणि ते मिळालेल्या त्या पहिल्या बाई. सत्यवती आठव्या वर्षी लग्न झालेली, पण तोंडावर खरं बोलणारी. आपल्या मुलीला शिकवायचं एवढंच तिचं मागणं. आणि त्या नऊ वर्षांच्या सुवर्णाचं लग्न सासू तिच्या माघारी लावून टाकते. सत्यवती रडत बसत नाही, घर सोडून निघून जाते. मला त्या रात्री झोप आली नाही. सकाळी बाजारात भाजी घेताना मी हिशेबात दोनदा चुकले.

त्या सुवर्णाची पुढची गोष्ट म्हणजे 'सुवर्णलता', आणि इथंच दुकानाची मोठी उणीव आहे. मला पुढचा भाग लगेच हवा होता, तर फळीवर तिसरा, 'बकुलकथा', होता आणि दुसरा नव्हता. काकांकडं यादी नाही, वही नाही, सगळं डोक्यात. "येईल" म्हणाले आणि पाच महिने लागले. एका जुन्या शरदबाबूंच्या पुस्तकातली आठ पानं कसरीनं खाल्लेली निघाली. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण देताना बघून द्यायला हवं होतं. मराठी अनुवाद कमी आणि हिंदी जास्त, हीही अडचण आहे. माझ्या जाऊबाईंना हिंदीचा अर्थ लावायला वेळ लागतो, आणि अशा वाचकांसाठी काकांनी मराठी प्रती शोधून आणायलाच हव्यात. मी त्यांना हे दर खेपेला सांगते.

'सुवर्णलता' शेवटी मिळालं. तिला नव्या घरात एक व्हरांडा हवा असतो, बाहेरचा रस्ता दिसेल असा. एवढंच.

दुकान सकाळी अकरा ते एक आणि दुपारी चार ते आठ उघडं असतं, सोमवारी बंद. दुचाकी बोळात नेऊ नका, वळवता येत नाही. आणि आत गेल्यावर पुस्तकाचं नाव सांगायच्या आधी आपण काय काम करतो ते काकांना सांगा. माझ्यासाठी आता त्यांनी माणिक बंद्योपाध्यायांचं 'पद्मा नदीचा माझी' बाजूला काढून ठेवलंय. माझी म्हणजे नावाडी. मासेमारांची गोष्ट आहे म्हणाले. मंगळवारी चार वाजता आणायला जाणार आहे.