शिंबोर्स्काचं स्मारक: बाक की बाग?

कवयित्री विस्वावा शिंबोर्स्काला भेटायला पोलंडमध्ये दोन जागा आहेत. कुर्निक हे तिचं जन्मगाव (१९२३). तिथल्या बाकावर तिचा पुतळा बसलाय, सोबत मांजर. शेजारी टेका, फोटो काढा, झालं. मांजर मात्र उगाच नाही. धनी मेल्यावर रिकाम्या घरात वाट पाहणाऱ्या मांजरीवर तिची गाजलेली कविता आहे.

क्राकूव्हमध्ये ती आयुष्याचा बहुतेक काळ राहिली आणि २०१२ मध्ये तिथंच गेली. तिथं कार्मेलित्स्का रस्त्यावरचं पार्किंग हटवून तिच्या नावाची बाग केली, २०२३ मध्ये, म्हणजे जन्मशताब्दीलाच. १९९६ च्या नोबेलनंतरच्या गाजावाजाने बेजार झालेल्या बाईला, मला वाटतं, बागच जास्त मानवली असती. लहान मुलं सोबत असतील तर मात्र कुर्निक. मांजरीपुढे बागेचं काय चालणार?