काळाचा अभ्यास: आधी भौतिकशास्त्र की आधी तत्त्वज्ञान?

काळ म्हणजे नेमकं काय, हा किडा एकदा डोक्यात शिरला की पुढे दोन वाटा दिसतात. एका वाटेवर आइनस्टाइनची सापेक्षता, एन्ट्रॉपी (म्हणजे अव्यवस्थेचं माप), अणुघड्याळं; दुसरीवर बौद्ध आचार्य नागार्जुन, इंग्रज तत्त्वज्ञ मॅक्टॅगर्ट, फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ. मी दोन्हीकडे जमेल तेवढं फिरून आलोय. पेशाने हिशेबनीस आहे, त्यामुळे माझा कल कुठून आला ते पुढे कळेलच.

सुरुवात तत्त्वज्ञानाने केली, कारण तिथे गणित नाही. पहिले काही महिने खरंच मजेत गेले. मॅक्टॅगर्टचा १९०८चा निबंध वाचला: भूत-वर्तमान-भविष्य ही एक मांडणी, आधी-नंतर ही दुसरी, पहिलीशिवाय काळच उरत नाही, आणि पहिलीत अंतर्विरोध आहे, म्हणून काळ खरा नाही. पटलं. आपल्या षड्दर्शनांतल्या वैशेषिकांकडे गेलो, तर तिथे काळ नऊ द्रव्यांपैकी एक, नित्य आणि सर्वव्यापी. तेही पटलं. मग नागार्जुनाचं काळावरचं प्रकरण, अवघ्या सहा कारिकांचं. वर्तमान आणि भविष्य जर भूतकाळावर अवलंबून असतील, तर ते भूतकाळातच असायला हवेत. आणि तिथे नसतील, तर अवलंबून कसे? हेही पटलं!

माझं घोडं अडलं ते इथेच. जो शेवटचा वाचला तो खरा. आपण चुकतोय हे सांगणारं कुणीच नाही. जाणकार गुरू किंवा वाद घालणारी मित्रमंडळी असेल त्याला ही अडचण येणार नाही कदाचित. मी रात्री जेवणानंतर एकटाच वाचणारा.

भौतिकशास्त्राचा जाच वेगळा. समीकरणात काळासाठी एक अक्षर असतं, पण 'आत्ता' कुठेच नसतो. एका व्याख्यानानंतर मी हे विचारलं, तर वक्ते हसून म्हणाले, "ते आमच्याकडे येत नाही." राग आला. (पुढे वाचलं की 'आत्ता'चा प्रश्न आइनस्टाइनलाही सतावत होता, तत्त्वज्ञ कार्नापने आठवणींत तसं नोंदवलंय.) शिवाय व्यापक सापेक्षतेत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या भागात, टेन्सर नावाचं अवघड गणित आडवं येतं, तिथून मी परत फिरलो. पण गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवणाऱ्या विशेष सापेक्षतेला पायथागोरस आणि वर्गमूळ पुरतं.

आणि तिथेच मला ते जुळ्यांचं गणित भेटलं. एक बहीण घरी, दुसरी प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने जाऊन त्याच वेगाने परत. या वेगाने पळणारं घड्याळ ०.८ पट चालतं, म्हणून घरचीची १० वर्षं, प्रवासिणीची ८. इथवर सगळेच येतात. मी हिशेब उलट्या बाजूनेही लावला: तिच्या दृष्टीने घरचीच पळतेय, म्हणजे घरचं घड्याळ मंद; ८ चे ०.८ पट, ६.४ वर्षं. प्रत्यक्षात भेटतात तेव्हा घरचीची १० झालेली. ताळा जमेना, फरक ३.६. आकड्यांतला फरक नवाने भागला जातो, म्हणून जुन्या सवयीने आधी कुठे आकडे उलटे पडलेत का तेच पाहिलं. तीन रात्री गेल्या.

चूक वळणावर होती. वळण्याच्या क्षणाआधी तिच्या हिशेबाने घरी 'आत्ता' ३.२ वर्षं झालेली असतात, वळताच ६.८. वेगाची दिशा बदलली की तिचा 'आत्ता'च दुसरीकडे कलतो. ३.६ सापडले, ताळा जमला. आणि हे नुसते कागदावरचे खेळ नव्हेत: १९७१ साली हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची अणुघड्याळं विमानाने जगभर फिरवली, तेव्हा पूर्वेकडे गेलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ पुढे गेली. (त्यात उंचीचाही हात आहे, उंचावर घड्याळ जलद चालतं; सगळं वेगाचं नाही.)

अमेरिकन तत्त्वज्ञ पटनमचा १९६७चा लेख मी याआधीच वाचून मान डोलावली होती. फक्त वर्तमानच खरा असं म्हणायचं तर तो कोणाचा, हा त्यातला पेच त्या तीन रात्रींनंतर कळला.

तुमचा प्रश्न काळाच्या दिशेचा असेल, म्हणजे चहात मिसळलेलं दूध पुन्हा सुटं का होत नाही हा, तर कुठूनही शिरा. एन्ट्रॉपीचं गणित मांडणाऱ्या बोल्ट्झमनपासून निघालात की 'विश्वाची सुरुवातच एवढ्या कमी एन्ट्रॉपीची का' इथे येऊन पोचता, आणि तिथे दोन्ही खात्यांची माणसं एकाच बाकावर बसलेली असतात.

बाकी, कुणाला एकच वाट सुचवायची वेळ आली तर मी दबकत का होईना, आधी भौतिकशास्त्र म्हणेन. फार नाही, जुळ्यांचं गणित दोन्ही बाजूंनी स्वतःच्या हाताने जुळेपर्यंत. माझा मेहुणा उलट्या क्रमाने गेला आणि मजेत आहे, तेव्हा याला नियम समजू नका.

मी मात्र त्यानंतर मॅक्टॅगर्ट पुन्हा काढला. समासात पहिल्या वाचनाच्या बरोबरच्या खुणाच खुणा होत्या. या वेळी तिसऱ्याच पानावर पेन्सिलीने लिहिलं, "वर्तमान? कोणाचा?"