बोर्डावरचा शॉर्ट आणि थर्मल कॅमेरा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फोनच्या यूएसबी-सी पोर्टला लावायचा 256×192 पिक्सेलचा थर्मल (उष्णता दाखवणारा) कॅमेरा, सोबत मॅक्रो लेन्स. काम लॅपटॉप आणि मोबाइलच्या बोर्डांचं: बाहेरून करंट द्यायचा आणि शॉर्ट झालेला भाग तापतो तो कॅमेऱ्यात शोधायचा. पैसे वसूल झाले, पण त्यातलं निम्मं श्रेय पॉवर सप्लायला आणि जाड वायरींना द्यावं लागेल.

आधी मल्टीमीटरने रेलचा, म्हणजे बोर्डावरच्या वीजपुरवठ्याच्या लाइनचा, ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजा. अर्धा ओहम असेल तर 1 व्होल्ट दिल्यावर 2 अँपिअर जातात, म्हणजे 2 वॅट. शॉर्ट झालेला कॅपॅसिटर कॅमेऱ्यात लगेच चमकतो. त्याला कॅमेराही लागत नाही, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ओतलं की कुठून आधी उडतं ते डोळ्यांनी दिसतं. खरी कसोटी 0.05 ओहमच्या शॉर्टला. 3 अँपिअर सोडले तरी तिथे जेमतेम 0.45 वॅट पडतात, आणि प्रोबच्या बारीक वायरींचा रेझिस्टन्स 0.1 ओहम असेल तर त्याच्या दुप्पट उष्णता वायरीतच जाते. म्हणून आखूड, जाड वायर थेट रेलवर सोल्डर करावी. व्होल्टेज रेलच्या मूळ व्होल्टेजपेक्षा जास्त कधीच नको. सीपीयूच्या कोअर रेलवर तर फार जपून. ती रेल चांगल्या बोर्डावरही एक ओहमच्या खाली असू शकते, आणि करंट दिला की धडधाकट सीपीयू तापून गुन्हेगार वाटतो.

पहिले एक-दोन सेकंद महत्त्वाचे. नंतर ग्राउंडचं तांबं उष्णता पसरवतं आणि सगळा भाग पिवळा होतो. सप्लाय एक सेकंद चालू, पाच सेकंद बंद, असं करत राहा. जो ठिपका त्याच तालात उजळतो तिथे शॉर्ट. प्रयोगशाळेतली लॉक-इन थर्मोग्राफी याच तत्त्वावर चालते, फक्त तिथे ठरावीक फ्रीक्वेन्सीने करंट देऊन हजारो फ्रेम्सची सरासरी काढतात. कॅमेरा मधूनमधून टिक् करून कॅलिब्रेशनसाठी क्षणभर थिजतो. तो टिक् झाल्यावरच सप्लाय चालू करा, नाहीतर नेमका तोच सेकंद हुकतो.

चकचकीत सोल्डर आणि शील्ड (चिपवरचं धातूचं झाकण) आरशासारखे वागतात. हात हलवल्यावर ‘गरम’ ठिपकाही हलला तर ते प्रतिबिंब. शील्डवर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सहन करणाऱ्या टेपचा) तुकडा लावला की खरं तापमान दिसतं. काचेच्या भिंगातून किंवा मायक्रोस्कोपमधून पाहायला जाऊ नका, हा कॅमेरा टिपतो ती इन्फ्रारेड काचेतून जात नाही.

मॅक्रो लेन्सशिवाय 0201 मापाचे, म्हणजे 0.6×0.3 मिमीचे, शेजारशेजारचे कॅपॅसिटर वेगळे दिसत नाहीत. लेन्स लावली की फोकस इतका नाजूक होतो की स्टँड हवाच.

तुटलेला ट्रॅक किंवा ड्राय सोल्डर (नीट न जुळलेला सांधा) यात सहसा सापडत नाही. करंटच नाही तर तापणार काय? आणि एखादी आयसी तापलेली दिसली तर ती काढण्याआधी बोर्ड उलटून बघा. बरेचदा मागच्या बाजूचा कॅपॅसिटर तिला खालून तापवत असतो.