सेल्फ-वॉटरिंग कुंडी: घ्या, पण वात आणि माती बदलूनच

टेबलावर ठेवायच्या ५ इंची सेल्फ-वॉटरिंग कुंड्या आता नर्सरीपासून भांड्यांच्या दुकानापर्यंत सगळीकडे दिसतात. बाहेरचं भांडं म्हणजे पाण्याची टाकी, आत भोकाभोकांच्या बुडाची छोटी कुंडी, दोघांना जोडणारी सुती वात आणि कडेला पातळी दाखवणारी लाल टोकाची काडी. समईची वात तेल ओढते तशी ही वात पाणी ओढते आणि मातीला देते. माती सुकली की ओढ वाढते, ओली असली की मंदावते. वस्तू चांगली आहे. मात्र खोक्यातून काढून जशीच्या तशी वापरली तर महिना-दीड महिन्यात पानं पिवळी पडायला लागतात, आणि पाणी कमी पडलं असं समजून वरून आणखी पाणी ओतलं जातं. रोप तिथेच संपतं.

याचं मूळ मातीत आहे. नर्सरीतलं रोप चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतं. वरून पाणी घालून मध्ये सुकू द्यायचं असेल तर ही माती चालून जाते. इथे खालून पाणी सतत येत राहतं, त्यामुळे चिकट मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्याने भरून जातात, हवा उरत नाही आणि मुळं गुदमरून कुजतात. म्हणून रोपाचा गोळा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवावा आणि बोटांनी हलकेच दोन तृतीयांश माती सोडवावी. मुळं नळाखाली जोरात धुऊ नयेत, बारीक तंतू तुटतात.

भरायला मिश्रण असं: ४ वाट्या भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ वाट्या परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), १ वाटी चाळलेलं गांडूळखत. ५ इंची कुंडीच्या आतल्या भांड्याला साधारण एवढं पुरतं. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट ४ लिटर पाण्यात फुगवायची आणि दोन-तीन पाण्यांतून पिळून काढायची. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं. ते फिकट होईपर्यंत पिळत राहायचं. नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि या कुंडीला खालून निचरा नसल्यामुळे ते बाहेर पडायला वाट नसते. निंबोळी पेंड घालायची सवय अनेकांना असते; इथे ती टाळावी, सतत ओल्या मिश्रणात तिच्यावर बुरशी धरते.

सोबत येणारी सुती वात हा या वस्तूचा सगळ्यात कच्चा भाग. कायम ओली राहून काही महिन्यांत ती शेवाळते, चिकट होते आणि बोटांत धरली की तुटते. त्याऐवजी ५-६ मिलिमीटर जाडीची विणलेली पॉलिएस्टर नाडी घ्यावी. गुळगुळीत पिळाची नायलॉन दोरी नको, ती पाणी नीट चढवत नाही. नवी नाडी गरम साबणाच्या पाण्यात धुवायची, कारण कारखान्यातला तेलकट थर राहिला तर पाणी चढत नाही. मग परीक्षा घ्यायची: एक टोक कुंकवाच्या पाण्यात ठेवून दुसरं वर टांगायचं. तासाभरात लाल रंग बोटभर उंचीच्याही पुढे गेला नाही तर ती नाडी बाजूला ठेवावी. नाडी बुडाच्या भोकातून वर घेऊन मिश्रणाच्या दोन तृतीयांश उंचीपर्यंत पोचवायची आणि खालचं टोक टाकीच्या तळाला टेकवायचं. बुडाशी गुंडाळी करून ठेवली तर खालचा थर चिखल होतो आणि वरचा कोरडाच राहतो.

रोप लावल्यावर पहिलं पाणी वरूनच द्यायचं, खालून टपकेपर्यंत. कोरडी वात आणि कोरडं मिश्रण यांत पाण्याची साखळी जुळत नाही. पहिले दहा दिवस टाकी रिकामीच ठेवावी, मुळं पसरू द्यावीत.

‘पंधरा दिवस पाण्याची चिंता नाही’ असं खोक्यावर असतं. टाकीत किती मावतं ते स्वयंपाकघरातल्या मापाने मोजून घ्या. २५० मिलिलिटर मावत असेल आणि रोप दिवसाला ३० पीत असेल तर आठवडाभर पुरतं, पंधरवडा नाही. दोन दिवसांच्या अंतराने काडीच्या पातळीवर पेनाने खूण केली की आपल्या खोलीतला खप कळतो. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली तो वाढतो, जुलैच्या दमट हवेत खूप कमी होतो. गणपतीला दहा दिवस गावी जायचं असेल तर हा हिशोब आधी करावा आणि कुंडी खिडकीपासून थोडी आत सरकवावी. लाल काडीवर पूर्ण विसंबू नये, ती क्षाराने अडकते. अधूनमधून बोटाने दाबून सोडावी.

रोपांची निवड करताना जाहिरातीतल्या फोटोवर जाऊ नका. त्यात बहुतेक वेळा स्नेक प्लांट, झीझी आणि जेड दाखवलेली असतात. ही तिन्ही रोपं पाणी साठवून ठेवणारी. त्यांना दोन पाण्यांमध्ये माती पूर्ण सुकलेली लागते. या कुंडीत त्यांचा बुंधा मऊ पडतो. हॉवर्थिया, निवडुंग, अडेनियम यांनाही ही कुंडी नको. पीस लिली, फिटोनिया, सिंगोनियम, मनीप्लांट, आफ्रिकन व्हायोलेट आणि पुदिना मात्र इथे छान राहतात. फिटोनियाला तर ही कुंडी वरदान आहे. एक दिवस पाणी चुकलं की मान टाकणारं ते रोप इथे सरळ उभं राहतं.

खत टाकीत घालायचं असेल तर विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं), लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदाच. गांडूळपाणी किंवा जीवामृत टाकीत ओतू नये, सडून वास येतो. आरओचं वाया जाणारं पाणीही इथे नको, त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी पापडी दिसू लागेल. महिन्यातून एकदा आतली कुंडी उचलून मोरीत ठेवावी आणि वरून लिटरभर साधं पाणी सोडून क्षार धुऊन काढावेत.

मातीभोवती बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या तर वरचा थर फार ओला राहतोय. टाकी चार दिवस कोरडी ठेवावी आणि पिवळी चिकट पट्टी खोचावी. डासांचा धोका याहून गंभीर आहे. आपल्या हवेत डेंग्यूच्या डासाची अंडी आठ-दहा दिवसांत पूर्ण डास होतात, म्हणून टाकी दर आठवड्याला ओतून, आतून घासून मगच भरायची. पाणी घालायच्या तोंडात स्पंजचा तुकडा बसवला की डास आत शिरत नाही.

विकत घेताना तीन गोष्टी दुकानातच पाहाव्यात. आतली कुंडी सहज उचलता आली पाहिजे. बाहेरचं भांडं अपारदर्शक हवं, कारण पारदर्शक टाकीत उजेडाने हिरवं शेवाळ धरतं. आणि टाकीला, आतल्या कुंडीच्या बुडाच्या जरा खाली, जादा पाणी निघायला भोक हवं. ते बऱ्याच स्वस्त कुंड्यांना नसतं, मग चुकून जास्त भरलेलं पाणी थेट मुळांपर्यंत चढतं. बाकी सगळं पसंत असेल तर आतल्या कुंडीच्या बुडाच्या अर्धा इंच खाली खूण करून, तापवलेल्या सुईने टाकीला तेवढं एक भोक पाडून घ्यावं.