आठ महिने कॉम्प्रेशन गेज वापरल्यावर: जुनी ०७०, एकशेचारचा आकडा आणि उगाच घेतलेल्या रिंगा

कॉम्प्रेशन गेज, म्हणजे इंजिन हवा किती दाबतं ते प्लगच्या भोकाला लावून बघायचा काट्यावाला मीटर, घेतला त्याला आता आठ महिने झाले. घेतल्या घेतल्या लिहिणार होतो पण तेव्हा जे लिहिलं असतं ते निम्मं चुकीचं निघालं असतं, म्हणून थांबलो ते बरंच झालं.

आधी मशीनचं सांगतो. मामांची धारकडे आरा मशीन होती, ती बंद पडून बरीच वर्षं झाली, आणि गोदाम रिकामं करताना पोत्यांच्या खाली स्टील (Stihl) कंपनीची ०७० सापडली. मामा तिला अजून "कटर" म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही १०६ सीसीची चेनसॉ आहे, पिस्टन ५८ मिलिमीटरचा आणि स्ट्रोक ४० चा, म्हणजे आरएक्स हंड्रेडच्या अख्ख्या इंजिनापेक्षा मोठं इंजिन हातात धरायचं. चेन पण जाड, ०.४०४ पिचवाली. १९५९ साली आलेल्या स्टीलच्याच काँट्रा मॉडेलच्या घराण्यातली ही मशीन. बार-चेन सोडून नुसतं इंजिनच दहा किलोच्या वर जातं, माझ्यावाल्याला चेन ब्रेकसुद्धा नाही, त्यामुळे नवशिक्याने हात लावू नये, मी पण पहिले दोन महिने फक्त जमिनीवर ठेवूनच चालू केली.

चालू म्हणजे काय, होतच नव्हती. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटरचा डायफ्राम नवीन टाकला, स्पार्क निळा कडक येत होता, तरी दहा रस्सीला एकदा फटफट करून बंद. इथे इंदूरला नवलख्याजवळ आमचे एक उस्ताद आहेत, लुना, राजदूत, आरएक्स सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं, ते म्हणाले, "भिया, कंप्रेशन नहीं है इसमें, रस्सी पकड के उठाओ." म्हणजे रस्सीचं हँडल धरून मशीन लटकवायची, सरसर खाली गेली तर कॉम्प्रेशन गेलं, थांबत थांबत उतरली तर आहे. माझी बऱ्यापैकी सरसर गेली. पण सरसर म्हणजे किती? इतक्या वजनाची मशीन तशी पण खाली जाणारच ना. इथून गेजचा किडा डोक्यात शिरला.

पहिला गेज सियागंजातून घेतला, साडेआठशेला, कारवाला, पाइप वगैरे सगळं पेटीत. लावला, रस्सी ओढली, ८२ पीएसआय. मन एकदम खट्टू झालं. दीडशेच्या आसपास असेल तर इंजिन ठणठणीत, एकशेवीसच्या खाली गेलं की विचार करा, आणि नव्वदला गरम इंजिन परत चालू व्हायला रडतं, हा ढोबळ हिशोब मला माहीत होता. ८२ म्हणजे सरळ बोर आणि पिस्टनचाच खर्च.

मग एका रविवारी पेटी उघडून नीट बघितलं तर त्या गेजमध्ये हवा अडवणारा व्हॉल्व्ह वर, डायलजवळ होता, आणि खाली प्लगपर्यंत पंचवीस सेंटीमीटरचा पाइप, आतून चार मिलिमीटरचा. गणित केलं, पाइपमध्ये साधारण तीन सीसी जागा. आता पिस्टन वर आल्यावर ०७० च्या डोक्यात शिल्लक जागाच पंधरा-एक सीसी असेल, त्यात तुम्ही तीन सीसी आणखी जोडली तर हवा दबणार कमी आणि काटा खोटं बोलणार. कारमध्ये एका सिलेंडरची तीच जागा तीस-पस्तीस सीसी असते म्हणून तिथे एवढा फरक पडत नाही. म्हणजे गेज खराब नव्हताच, तो कारचा होता, एवढंच. लहान इंजिनाला व्हॉल्व्ह अगदी टोकाला, प्लगच्या चुडीपाशीच, म्हणजे आट्यांपाशीच पाहिजे.

तर हा दुसरा गेज, ज्याच्याबद्दल खरं लिहितोय, ऑनलाइन मागवला, बावीसशेला, व्हॉल्व्ह टोकात बसवलेला, चौदा मिलिमीटरची चुडी. कंपनीचं नाव डायलवर आहे पण त्याने काही फरक पडत नाही, असले चार ब्रँड एकाच साच्यातून निघतात असा माझा संशय आहे. त्याच मशीनला, त्याच सकाळी, १०४ दाखवलं. बावीस पीएसआयचा फरक नुसत्या पाइपचा!

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो नाहीतर विसरेन. चुडीची लांबी बघून घ्या. सोबत दोन टोकं येतात, एक लांब एक आखूड, आणि चेनसॉचा प्लग सहसा आखूड असतो. लांब टोक घट्ट बसवून रस्सी ओढली तर पिस्टन येऊन त्याला ठोकू शकतो. मी आधी हाताने फ्लायव्हील हळू फिरवून बघतो मगच ओढतो. आणि प्लगची वायर बॉडीला अर्थ करा, नुसती लोंबकळत ठेवली तर कॉइलला त्रास, शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ निघत असते तिथे ठिणगी कशाला. चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, आणि काटा थांबेपर्यंत ओढायचं, माझ्याकडे सहा-सात ओढण्यात थांबतो. मशीन ओव्हर झाली असेल, म्हणजे सिलेंडरमध्ये जास्तीचं पेट्रोल भरलं असेल, तर त्या दिवशीचा आकडा धरूच नका, पेट्रोलने सिलेंडरवरचं तेल धुतलं जातं आणि आकडा पडतो.

असो. १०४ आला आणि मी शहाण्यासारखा त्याच रात्री पिस्टनच्या रिंगा मागवल्या. दुसऱ्या दिवशी सायलेन्सर काढून बघितलं, एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन दिसतो, तर पिस्टन स्वच्छ, ओरखडे नाहीत, काडीने दाबल्यावर रिंगा स्प्रिंगसारख्या हलतात, चिकटलेल्या पण नाहीत. मग हवा जाते कुठे? मामा बाजूला चहा घेत उभे होते, ते सहज बोलले, "अरे त्या बटणातून जात असेल, आम्ही त्याला नेहमी शिव्या द्यायचो." बटण म्हणजे डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह. एवढ्या मोठ्या इंजिनाला रस्सी ओढताना हात मोडू नये म्हणून थोडी हवा सोडायला दिलेला असतो. साबणाचं पाणी टाकलं, गेज लावून ओढलं, आणि बटणाच्या भोवती बुडबुडे! व्हॉल्व्ह उघडला, सीटवर काळ्या कार्बनची पापडी, बटण वर आलं तरी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता. ग्राइंडिंग पेस्ट लावून बोटानेच घासला, अर्धा तास, धुतला, बसवला. १३२. चौथ्या रस्सीला मशीन चालू झाली आणि शेजारचे काका गच्चीवरून ओरडले की भूकंप झाला का.

ही सगळी मजा गेजची म्हणून मी त्याच्यावर खूश आहे, पण गेजने काय सांगितलं ते नीट बघा, त्याने एवढंच सांगितलं की हवा कमी दाबली जातेय. कुठून जाते ते साबणाच्या पाण्याने आणि मामांनी सांगितलं.

संक्रांतीला ताईकडे वडोद्याला गेलो, भावोजींच्या मित्राच्या शेतात जुनी चिंच आडवी झाली होती म्हणून मशीन गाडीत टाकून नेली, दांडिया बाजारातल्या त्यांच्या गल्लीत ती उतरवताना सगळी पोरं पतंग सोडून बघायला. तिथे सहज गेज लावला तर १४०. भावोजी म्हणाले, आमच्या गुजरातच्या हवेने ताकद आली. गंमत म्हणजे ते बरोबरच होतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, वडोदरा जवळजवळ सपाटीलाच, आणि आपल्याकडे हवेचा दाबच सुमारे सहा टक्के कमी. सिलेंडरमध्ये मुळात भरलेलीच हवा पातळ तर दाबून दाबून ती किती होणार. परत आल्यावर इंदूरला पुन्हा १३२. त्यामुळे कोणी सांगितलं माझी मशीन दीडशे दाखवते तर आधी विचारा राहतो कुठे आणि गेज कोणता. माझ्या वहीत आता फक्त माझ्याच गेजचे, माझ्याच अंगणातले, सकाळचे आकडे आहेत, त्यांची आपापसातच तुलना.

आता मूर्खपणाचा भाग. १३२ वर सगळं छान चालू असताना मला खाज सुटली. उस्ताद आरएक्सवाल्या पोरांच्या सिलेंडरखालचं पॅकिंग काढून कॉम्प्रेशन वाढवून देतात, म्हटलं अपन पण करू. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून घालून पिस्टन वर फिरवून चेपली, मोजली, पिस्टन आणि डोक्यातली फट १.३ मिलिमीटर. पॅकिंग अर्धा मिलिमीटरचं, म्हणजे काढल्यावर ०.८ उरणार, पिस्टन डोक्याला लागणार नाही. पॅकिंगच्या जागी सीलंट लावून बसवलं. १४६! वहीत लाल पेनाने लिहिलं. बाभळीच्या बुंध्यात बार टेकवला की मशीन दबतच नव्हती, खोटं कशाला बोलू, मजा आली. पॅकिंग काढलं की सिलेंडर खाली बसतो, एक्झॉस्टची आणि मिश्रण वर आणणाऱ्या खिडक्या थोड्या उशिरा उघडतात, त्यामुळे खालच्या आरपीएमला जोर वाढल्यासारखा वाटतो आणि वरच्या वेगात थोडी मंद, तसंच वाटलं. रस्सी मात्र बटण दाबूनसुद्धा जड झाली, एकदा तर हँडल हातातून उलटं ओढलं गेलं, बोट दोन दिवस सुजलेलं.

मग फेब्रुवारीत एक दिवस आयडल आपोआप चढायला लागला. थ्रॉटल सोडला तरी मशीन भणभणतेय, एका कुशीवर झुकवली की आणखी. गेज लावला, १४५. म्हणजे ठीकच आहे असं समजून मी आणखी दोन टाक्या चालवली, आणि ही माझी सगळ्यात मोठी चूक. टू स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या वर जेवढा खेळ आहे तेवढाच खाली आहे, क्रँककेस खालून मिश्रण ओढून वर ढकलतो, आणि तिथे बारीक फट पडली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आणि तेल पेट्रोलमध्येच असल्याने तेलही तेवढंच कमी मिळतं, वरून उष्णता जास्त. कॉम्प्रेशन गेजला यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. नशीब की आवाज बदलल्यावर मी बंद केली. सायलेन्सर काढला तर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभ्या बारीक रेघा आल्या होत्या.

गळती शोधायला पंप विकत घेतला नाही, बाबांचं जुनं बीपीचं यंत्र होतं, काट्यावालं, ते वापरलं. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून सायलेन्सर आणि कार्बोरेटरच्या जागी घट्ट बसवले, एकातून नळी घातली, पिस्टन खाली आणून फुगा दाबत गेलो. ते यंत्र ३०० पर्यंत जातं, म्हणजे साधारण ०.४ बार, चेनसॉच्या टेस्टला अर्ध्या बारच्या आसपास लागतो त्यामुळे काम भागतं. काटा डोळ्यांदेखत उतरत होता. साबणाचं पाणी, आणि बुडबुडे सिलेंडरच्या बुडाशी, जिथे मी हुशारीने पॅकिंग काढलं होतं. ऑइल सील एकदम ठीक होते. पॅकिंग परत टाकलं, गळती बंद, आयडल शांत, कॉम्प्रेशन १३१. सिलेंडरला लागलेलं ॲल्युमिनियम कापसाच्या काडीने थोडं थोडं ॲसिड लावून काढलं, तेच बाथरूमचं, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून. फेस यायचा थांबला की लगेच धुवायचं, आणि थांबतच नसेल तर समजा वरचा थर गेलाय आणि तुम्ही सिलेंडरच खाताय. आईला बीपीचं यंत्र कुठे गेलं ते अजून सांगितलेलं नाही.

आता गेजच्या तक्रारी. डायलची काच तिसऱ्या महिन्यात सैल झाली, फेविक्विकने चिकटवली. दाब सोडल्यावर काटा शून्यावर न येता पाचावर थांबतो, मग टिचकी मारावी लागते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर लावून बघितला तर त्याच्या १०० ला माझा ९६, चालवून घेतोय. टोकाचा ओ-रिंग पेट्रोल लागून लागून फुगला, मला वाटतं हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जास्तच, कारण मशीनची पेट्रोल नळी पण तशीच पिठूळ झाली होती. आणि सगळ्यात फसवणारी गोष्ट, टोकातला छोटा व्हॉल्व्ह एप्रिलमध्ये गळायला लागला, मी टायरच्या ट्यूबमधला काढून बसवला, दिसायला हुबेहूब, चुडी पण तीच, आणि आकडा एकदम ११४. पुन्हा पोटात गोळा! टायरच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक असते, ती उघडायलाच दाब खर्च होतो, गेजला नरम स्प्रिंगचा वेगळा लागतो. विकणाऱ्याला तीन मेसेज केले, उत्तर नाही, शेवटी दुसरीकडून पाच नगांचं पाकीट मागवलं. मूळ पेटीत एक जादा दिला असता तर त्यांचं काय बिघडलं असतं देव जाणे.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा तर त्या व्हॉल्व्हनेच खाल्ला. एकच नवी चेनसॉ असेल आणि वर्षातून दोनदा फांद्या तोडायच्या असतील तर घेऊ नका, रस्सी धरून लटकवणं पुरतं. जुन्या मशीन उघडत बसायचा नाद असेल तर घ्या, पण त्याच्यासोबत गळती तपासायचं काहीतरी जुगाड आधी करा, मी उलट्या क्रमाने केलं.

मेच्या शेवटी शेवटचं मोजलं तेव्हा १३० होतं. परवाच्या वादळात कॉलनीतला गुलमोहर रस्त्यावर पडला, तो दीड तासात कापून बाजूला केला, चौथ्या नाही, दुसऱ्या रस्सीला चालू. त्या मागवलेल्या रिंगा मात्र अजून पाकिटातच आहेत, ५८ मिलिमीटरच्या, इंदुरात कोणाकडे ०७० असेल तर सांगा, घेतल्या भावात देऊन टाकतो.